आधी डावा कान

लेक : पुढचा प्रश्न. जनावरांशी संपर्क?

बाबा : नाही.

लेक : बाबा, जरा विचार करून तरी सांगा. मोठ्या डॉक्टरांनी मुद्दाम हा कागद दिलाय. सगळ्या तपासण्या झाल्या, हाती काही लागत नाही, म्हणून आता एकेक गोष्ट नीट विचारून लिहा म्हणाले. कुत्रं, मांजर, शेळी, गाय?

बाबा : गाय तर तू विकायला लावलीस दोन वर्षांपूर्वी. आता कुठून आणू?

लेक : मी प्रश्न विचारला. टोमणा नाही मागितला.

बाबा : मग लिही ना, नाही म्हणून.

लेक : लिहिलं. प्रवास?

बाबा : घर ते दुकान, दुकान ते घर. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला कसला आलाय प्रवास?

लेक : आणि रोज सकाळी गॅरेजवाल्याकडे.

बाबा : ते दुकानासमोरच आहे. रस्ता ओलांडला की प्रवास झाला का? बुद्धिबळ खेळतो आम्ही दोघं.

लेक : सकाळी सहाला?

बाबा : डोकं ताजं असतं तेव्हा.

लेक : बरं. काही चावलं होतं का? डास, ढेकूण, गोचीड?

बाबा : डास लिही. डास सगळ्यांनाच चावतात.

लेक : डासांच्या तापाच्या तपासण्या दोनदा झाल्या. दोन्ही वेळा काही नाही. पाण्यातून होतो तो ताप, तोही नाही. आज अकरावा दिवस, बाबा. काल प्लेटलेट ऐंशी हजार होत्या, आज साठ. पांढऱ्या पेशी कमी, यकृताचे आकडे वर. सिस्टर माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नाहीत, सलाईनच्या बाटलीकडे बघतात. मला भीती वाटतेय. खरंच भीती वाटतेय.

बाबा : अगं, इकडे ये. बस. घड्याळ दहा मिनिटं मागे पडलं म्हणून कुणी फेकून देतं का?

लेक : घड्याळ उघडून बघता येतं. तुम्हाला कुठून उघडू?

बाबा : डोकं तेवढं उघडू नकोस. आधीच ठणकतंय.

लेक : हसवू नका. आणि तो डावा कान! तापात सारखं तेच. "डावा आधी, डावा आधी, शहाणी ना तू." मला वाटलं, कानात काही सांगायचंय. मी वाकून माझा डावा कान तुमच्या तोंडाशी नेला, तर तुम्ही कानामागे खाजवायला लागलात. माझ्या! सिस्टर बघत उभ्या होत्या.

बाबा : मग तू काय केलंस?

लेक : काय करणार? खाजवून घेतलं. नंतर मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, म्हणून तर परवा ते कानाचे डॉक्टर येऊन बॅटरी मारून गेले.

बाबा : मळ काढून दिला चांगला. अगदीच वाया नाही गेलं.

गुरांची डॉक्टर : येऊ का आत? काका, कसं काय?

बाबा : अं? या. या या. बाळ, ह्या आपल्या... वाचनालयाच्या.

गुरांची डॉक्टर : वाचनालयाच्या?

बाबा : वाचनालयाच्या. माझं एक पुस्तक द्यायचं राहिलंय ना.

लेक : नमस्कार. तुमच्या वाचनालयात गमबूट घालून जावं लागतं?

बाबा : तळघरात आहे. पाणी साचतं. बाळ, ह्या लांबून आल्यात, जरा खालून चहा घेऊन येतेस? तीन आण. इथल्या मशीनचा नको, गेटबाहेरचा आण.

लेक : तुम्हाला चहा बंद आहे.

बाबा : मग दोन आण. पण गेटबाहेरचा.

लेक : आणते. पुस्तक सापडलं तर सांगा हं, दंड भरून टाकू.

गुरांची डॉक्टर : गेली. काका, काय चाललंय हे? कधीपासून मी वाचनालयाची झाले?

बाबा : हळू बोला, दार उघडं आहे. आधी सांगा, ती कशी आहे?

गुरांची डॉक्टर : खरं सांगू? बरी नाही. गॅरेजवाल्यानं परवा फोन केला. चार दिवस चाऱ्याला तोंड लावलेलं नव्हतं. दूध आटलं. हिरड्या बघितल्या तर पांढऱ्याफटक, डोळ्यांच्या कडा पिवळ्या. मी आधी लघवी तपासली, तांबडी नव्हती, म्हणजे लाल लघवीचा तो दुसरा आजार नव्हे. मग कानाच्या शिरेतून रक्त घेतलं, काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. तांबड्या पेशींच्या अगदी कडेला टाचणीनं टोचल्यासारखे ठिपके. अ‍ॅनाप्लाझ्मोसिस. गोचिडीमुळे होतो. त्याचा जंतू रक्तात शिरतो आणि जनावर आतल्या आत रिकामं होत जातं.

बाबा : वाचेल ना?

गुरांची डॉक्टर : इंजेक्शनं सुरू केलीत. आज सकाळी थोडी रवंथ करत होती. पण वय अकरा, मोठ्या जनावराला हा आजार जड जातो. तिला अजिबात चालवायचं नाही. अंगात रक्तच उरलेलं नाही, चार पावलं चालली तरी जागेवर कोसळेल. गॅरेजवाल्याला तीनदा बजावलंय. तो मला विचारतो, जरा ढकलून बघू का, सुरू होते का?

बाबा : त्याच्या हातात गाय दिली हीच माझी चूक. पण स्वभावानं सोन्यासारखा आहे हो. गॅरेजमागची अख्खी शेड मोकळी करून दिली तिला.

गुरांची डॉक्टर : शेडचं नका सांगू. भिंतीच्या फटीफटीत गोचिडी आहेत. मागच्या खेपेला फवारायचं औषध दिलं होतं, ते बाटलीत तसंच आहे. का?

बाबा : वास फार उग्र. तिला शिंका येतात. आणि मी रोज सकाळी काढतो ना गोचिडी. तासभर मोडतो माझा. हाक मारली की ती स्वतः मान खाली घालून कान पुढे करते. डावा आधी. तो झाल्याशिवाय मला उजव्याला हात लावू देत नाही.

गुरांची डॉक्टर : कशानं काढता?

बाबा : हातानं.

गुरांची डॉक्टर : आणि मग?

बाबा : मग काय, नखावर नख. टच्च आवाज आला की समजायचं, गेली.

गुरांची डॉक्टर : काका! चाळीस वर्षं तुम्ही केसाएवढी चाकं चिमट्यानं उचलताय, आणि गोचिडी नखांनी चिरडता? उघड्या हातांनी?

बाबा : चिमटा घड्याळासाठी असतो. गाईला लावला तर टोचेल ना तिला.

गुरांची डॉक्टर : देवा! थांबा जरा. तुम्हाला ताप किती दिवस आहे?

बाबा : अकरा.

गुरांची डॉक्टर : डोकं?

बाबा : डोळ्यांमागे ठणकतं. हाडं तर अशी दुखतात, जणू कुणी पिळून वाळत घातलंय. घड्याळाचा स्क्रूसुद्धा दोन-दोन दिसायला लागला, तेव्हा दुकान बंद केलं.

गुरांची डॉक्टर : आणि मघाशी दाराबाहेर ऐकलं ते खरं? प्लेटलेट साठ हजार?

बाबा : लेक म्हणते.

गुरांची डॉक्टर : अंगावर कुठे चावल्याची खूण?

बाबा : तुमचा चहा येईलच आता.

गुरांची डॉक्टर : काका.

बाबा : कमरेला आहे एक खपली. पट्ट्याखाली. ताप यायच्या आठवडाभर आधी तिथे एक चिकटली होती. उपटून टाकली. त्याचं काय एवढं?

गुरांची डॉक्टर : इथल्या डॉक्टरांनी नाही बघितली खपली?

बाबा : बघितली की. मी म्हणालो, पट्टा घासला.

गुरांची डॉक्टर : म्हणजे अकरा दिवस ही सगळी माणसं अंधारात चाचपडतायत, आणि तुम्ही दिव्याच्या बटणावर बसून आहात.

बाबा : पण गाईचा आजार माणसाला कसा होईल?

गुरांची डॉक्टर : तिचा जंतू तुम्हाला होत नाही. पण त्याचा एक चुलतभाऊ आहे, तो माणसाला धरतो, आणि तोही गोचिडीतूनच येतो. गोचिडी काय एका जातीची असते? कुठल्या गोचिडीच्या पोटात काय आहे, ते तिच्या अंगावर लिहिलेलं नसतं. मी गुरांची डॉक्टर, तुम्हाला तोच आजार आहे असं मी छातीठोक नाही सांगणार. ते इथल्या डॉक्टरांनी ठरवायचं. पण ठरवायला त्यांना कळायला तर हवं! औषध साधं आहे, गोळ्या असतात. वेळेवर मिळाल्या तर दोन दिवसांत ताप उतरतो.

बाबा : आणि वेळेवर नाही मिळाल्या तर?

गुरांची डॉक्टर : तुमची लेक मघाशी भीती वाटते म्हणत होती ना? ती उगाच नाही वाटत तिला.

बाबा : मग तुम्ही असं करा, मोठ्या डॉक्टरांना बाजूला घेऊन गुपचूप सांगा.

गुरांची डॉक्टर : आणि त्यांनी राउंडला येऊन तिच्यासमोरच विचारलं, तुमची गाय कशी आहे, तर? अहो, लपवताय काय? तुमची गाय आहे, चोरीची नाही.

बाबा : मी शब्द दिलाय तिला. दोन वर्षांपूर्वी गाईनं धक्का मारला, मी पडलो, मनगट मोडलं. लेकीनं फोनवर रडून रडून वदवून घेतलं, गाय विकतो म्हणून.

गुरांची डॉक्टर : मग विकली का नाही?

बाबा : गिऱ्हाईक आलं होतं हो. चांगला माणूस होता. त्यानं दावं हातात घेतलं, कानाला हात लावायला गेला, तर हिनं मान फिरवून माझ्याकडे बघितलं. बस. त्याला गाय पसंत होती, मला तो पसंत पडेना. समोर गॅरेजच्या मागे नेऊन बांधली, आणि लेकीला सांगितलं, विकली. मोठ्या गोठ्यात गेली, पंखे आहेत, रमलीय.

गुरांची डॉक्टर : आणि तिनं मानलं?

बाबा : माझ्यावर विश्वास आहे तिचा. तेच तर आता डोक्यावर बसलंय.

गुरांची डॉक्टर : ती चहा घेऊन आली की तुम्ही सांगायचं. नाहीतर मी सांगते.

बाबा : ती गाय काढून टाकायला लावेल, डॉक्टर.

गुरांची डॉक्टर : लावेलही. मला नाही माहीत. पण तुम्हीच उरला नाहीत तर त्या गाईच्या कानाला हात कोण लावणार आहे? गॅरेजवाला? तो स्पॅनर घेऊन येईल.

बाबा : तुम्ही फार कडू बोलता.

गुरांची डॉक्टर : माझ्या पेशंटना कळत नाही, म्हणून सवय लागली.

लेक : घ्या, गेटबाहेरचाच आहे. हे काय, चेहरे असे का दोघांचे? काय झालं? बाबा, दुखतंय का कुठे?

बाबा : नाही गं. तो कागद काढ जरा. एक खाडाखोड करायची आहे.

लेक : कुठला कागद? हा?

बाबा : जनावरांशी संपर्क. तिथे "नाही" लिहिलंयस ना, ते खोड. "हो" लिही.

लेक : हो? कुठलं जनावर?

बाबा : गाय.

लेक : कुणाची?

बाबा : आपली.

लेक : आपली म्हणजे... बाबा, आपली तर मोठ्या गोठ्यात आहे. मागच्या महिन्यात तुम्हीच म्हणालात, तिथल्या माणसाचा फोन आला होता, वजन वाढलंय.

बाबा : वजन खरंच वाढलं होतं. माणसाचा फोन तेवढा खोटा.

लेक : कुठे आहे ती?

बाबा : गॅरेजच्या मागे.

लेक : दोन वर्षं?

बाबा : दोन वर्षं. आणि खाली गोचीड लिही. कमरेला चावली आहे. पट्टा नव्हे.

लेक : आणि ह्या वाचनालयाच्या...

गुरांची डॉक्टर : गुरांची डॉक्टर आहे मी. तुमच्या गाईला गोचिडीचा आजार झालाय, मी रक्तात बघितलाय. काकांना गोचीड चावलीय आणि ते रोज उघड्या हातांनी गोचिडी चिरडतात. हे सगळं तुमच्या डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता सांगा. ह्या चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहिलंय, माझा नंबरही आहे. त्यांना हवं तर मला फोन करू देत.

लेक : दाखवा खपली. बाबा, शर्ट वर करा. ही? ही मी रोज अंग पुसताना बघतेय! रोज ह्याच्यावरून फडकं फिरवतेय मी!

बाबा : रागाव तू. हवं तेवढं रागाव.

लेक : रागावणार आहे. भांडणार आहे तुमच्याशी, असं की ह्या मजल्यावरचे सगळे ऐकतील. पण आधी डॉक्टर. ताई, चहा घ्या तुम्ही, गार होईल. मी आलेच. आणि बाबा...

बाबा : काय?

लेक : परवा माझ्या कानामागे खाजवत होतात, ते मला गाय समजून?

बाबा : तापात होतो गं.

(दोन दिवसांनंतर. तीच खोली, सकाळचे दहा.)

बाबा : आलीस? केव्हाची वाट बघतोय. सिस्टर म्हणाल्या, भल्या पहाटे उठून बाहेर गेलीस.

लेक : ताप बघितला का सकाळी?

बाबा : नाही म्हणे. काल दुपारपासून नाही. आज प्लेटलेट नव्वद हजार. मोठे डॉक्टर स्वतः येऊन हात मिळवून गेले. म्हणाले, रिपोर्ट यायचाय, पण गोळ्यांनी जो गुण दिलाय त्यावरून तेच आहे. मग खुर्चीत बसून विचारत होते, "आजोबा, आणखी काही लपवलंय का?"

लेक : मग? लपवलंय?

बाबा : नाही. आता काही शिल्लक नाही.

लेक : बरं झालं. बसते मी. हे सफरचंद खा, चिरून आणलंय.

बाबा : तू अजून भांडली नाहीस.

लेक : भांडायचं होतं. त्या दिवशी डॉक्टरांच्या केबिनबाहेर उभी राहून सगळं ठरवलं होतं, काय काय बोलायचं ते. मग तुमचा ताप उतरला, आणि मला फक्त झोप आली.

बाबा : बोलून टाक. माझ्याही मनावरचं उतरेल.

लेक : विकली म्हणालात ना, त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले होते. अर्धा तास. मीच विकायला लावली आणि मीच रडले. कुणाला सांगणार? दोन वर्षं मनात खात होतं मला, की बाबांजवळ होतं तेवढंही मी काढून घेतलं. आणि तुम्ही तिकडे रोज तिचे कान साफ करत होतात! मला आनंद झाला की राग आला, अजून कळत नाही.

बाबा : रडलीस? मग विकायला का लावलीस?

लेक : कारण मनगट मोडून तुम्ही दोन तास गोठ्यात पडून होतात, आणि मला फोन केलात तिसऱ्या दिवशी. मी लांब आहे, बाबा. तुम्ही पडलात तर मला हाकसुद्धा ऐकू येत नाही.

बाबा : चुकलं माझं. पण तू रविवारी फोन करतेस. बाकीचे सहा दिवस घरात घड्याळं बोलतात फक्त. सकाळी शेडचं दार उघडलं की ती वळून बघते, एवढंच. तेवढ्यासाठी उठतो मी. मला एकटं वाटतं गं. तुला सांगितलं नाही कधी.

लेक : सांगायचं होतंत.

बाबा : सांगितलं असतं तर तू मला तुझ्याकडे नेलं असतंस. तिसऱ्या मजल्यावर.

लेक : गाईला लिफ्टमधून नेता आलं नसतं, हे खरं.

बाबा : म्हणजे? राहू दे म्हणतेस तिला?

लेक : मी फक्त सफरचंद खा म्हणतेय.

बाबा : खातो. खातोय की. पण सकाळी सकाळी गेली कुठे होतीस?

लेक : गॅरेजवाल्याकडे. बुद्धिबळ खेळायला.

बाबा : अगं!

लेक : गुरांच्या डॉक्टर आल्या होत्या तिथे. सगळी शेड फवारली आम्ही. गॅरेजवाला तर गाड्या रंगवायचं पिस्तूल घेऊन आला होता, एकही फट सोडली नाही त्यानं. आता तुम्ही परवानगीशिवाय तिथे पाऊल ठेवायचं नाही. ठेवाल तेव्हा हातमोजे, पायमोज्यांत खोचलेली विजार, आणि घरी आल्यावर सगळं अंग तपासायचं. आणि फोन रोज. रविवारचा नाही, रोजचा.

बाबा : आणि ती? ती कशी आहे?

लेक : चारा खाल्ला. थोडाच, पण मन लावून. हिरड्या दाखवल्या मला डॉक्टरांनी, थोडी गुलाबी झाक आलीय म्हणतात. मला काही दिसली नाही, पण मी मान हलवली. येईल तेवढं दूध काढून टाकून द्यायचंय अजून, औषध उतरेपर्यंत. ती बसून होती. मला बघून उठायला लागली, तर गॅरेजवाला ओरडला, "इंजिन गरम करू नका!"

बाबा : अन् गोचिडी? नवीन नाहीत ना?

लेक : होत्या दोन-चार. काढल्या मी. हातमोजे घालून, तुमच्या दुकानातल्या चिमट्यानं.

बाबा : कुठला चिमटा? बारीक टोकाचा? पितळी डबीतला?

लेक : तोच. कातडीलगत पकडायचं आणि सरळ वर ओढायचं, डॉक्टरांनी शिकवलं. तिला अजिबात टोचला नाही. आता तो घड्याळांना परत लावायचा नाही हं, त्याची बदली झाली.

बाबा : तीस वर्षांचा चिमटा माझा. जाऊ दे. पण हात लावू दिला तिनं तुला?

लेक : दिला की.

बाबा : कान कुठला दिला?

लेक : तुम्ही आधी मला सांगा, ही डाव्या कानाची सवय लावली कुणी तिला?

बाबा : तू.

लेक : मी?

बाबा : विसरलीस? वासरू होती तेव्हा तुझी शेवटची परीक्षा होती. घरात उकडतं म्हणून गोठ्यात जाऊन अभ्यास करायचीस, तिच्या समोर बसून. डाव्या हातात पुस्तक, उजवा हात मोकळा. समोर बसलं की उजव्या हाताला तिचा डावाच कान येतो. पानामागून पान तू वाचत होतीस आणि तिचा कान खाजवत होतीस. दोन महिने. मी फक्त पुढे चालू ठेवलं.

लेक : मला आठवतच नव्हतं.

बाबा : तिला आठवतं. म्हणून विचारतोय. कान कुठला दिला?

लेक : डावा नाही दिला. मान फिरवून बराच वेळ बघत राहिली माझ्याकडे, आणि मग उजवा पुढे केला.

बाबा : अगं, मनाला लावून घेऊ नकोस. दहा वर्षं झाली, वास विसरली असेल. अनोळखी माणसाला ती उजवाच देते. रोज गेलं तर ओळख पटायला चार-पाच दिवस लागतात तिला.

लेक : माहीत आहे. मी आठवडाभर रजा वाढवून घेतलीय.